ऑप्टिमसचा ट्रेलर जातो कुठे?

आजचा भाग जरा घरगुती आहे. रेकॉर्डिंगमध्ये मी दोनदा विषय सोडून भरकटलो होतो, लिहून काढताना त्यातलं एकच भरकटणं ठेवलंय.

२००७ साली मी आणि दादा 'ट्रान्सफॉर्मर्स' बघायला थिएटरला गेलो होतो. लहानपणी आमच्याकडे त्या कार्टूनची एक व्हिडिओ कॅसेट होती, मामाने मस्कतहून आणलेली. चित्रात मुंग्या यायला लागल्या तरी आम्ही ती लावायचो. तर मध्यंतरात दादा उठला आणि म्हणाला, "तू बघ, मी बाहेर चहा पितो." तो परत आत आलाच नाही. मला सिनेमा जाम आवडला होता. बाहेर आल्यावर त्याने एकच विचारलं, "मारामारीत कोण कोणाला मारत होतं, तुला कळलं?" मी हो म्हणालो. खोटं बोललो.

पुढे कितीतरी वर्षं मला वाटायचं, दादाला बदल सोसत नाही, बस. आज ते जरा उलगडून बघूया.

मुळात हे रोबोट आले कुठून? जपानच्या टाकारा कंपनीची खेळणी होती ती. त्यातल्या 'डायाक्लोन' मालिकेत रोबोट जिवंत नव्हतेच, आत एक चिमुकला चालक बसायचा. अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने ती खेळणी घेतली आणि मार्व्हल कॉमिक्सच्या लोकांना म्हटलं, यांना गोष्ट द्या. त्यांनी चालक काढून टाकला आणि प्रत्येक रोबोटला नाव दिलं, स्वभाव दिला. १९८४ला कार्टून सुरू झालं. म्हणजे बघा, ती अर्ध्या तासाची जाहिरातच होती. हे मान्य करूनच पुढे जाऊ, नाहीतर आपण उगाच गळे काढत बसू.

पण जाहिरातीतही माणूस जीव ओततो ना. ऑप्टिमस प्राइमला आवाज दिला पीटर कलन यांनी. त्यांचे थोरले भाऊ लॅरी व्हिएतनाम युद्धातून परतलेले सैनिक. त्यांनी धाकट्याला सांगितलं, हिरो करतोयस तर आरडाओरडा नको, ताकद असूनही मवाळ राहता येतं. कलन यांनी तो आवाज भावावरूनच घेतला. आणि गंमत अशी, की कार्टूनमध्ये ऑप्टिमसला तोंडच नाही! तोंडावर पट्टी. दिसतात ते फक्त दोन निळे डोळे. बाकी सगळे भाव त्या आवाजातून आणि बघणाऱ्या पोराच्या डोक्यातून.

१९८६च्या अॅनिमेशन सिनेमात तो ऑप्टिमस मारला. कारण? नवी खेळणी बाजारात आणायची होती, जुन्यांना जागा रिकामी करायची होती. थिएटरात पोरं रडली. त्याचा धसका एवढा, की 'जी. आय. जो'च्या सिनेमात ड्यूक मरायचा होता, तो 'कोमात गेला' असं करून वाचवला. जाहिरातीसाठी बनवलेल्या पत्र्यासाठी पोरं खरीखुरी रडली. मायकेल बेच्या हाती २००७ला जे आलं ते हे.

आता अडचण बघा. कार्टूनमध्ये मेगाट्रॉन हा अवाढव्य रोबोट पिस्तूल होऊन दुसऱ्याच्या मुठीत मावतो. ऑप्टिमस उभा राहिला की त्याच्या ट्रकचा ट्रेलर कुठेतरी गडप होतो. कुठे जातो? कोणी विचारत नाही. (आम्ही विचारायचो. दादाचं मत, तो गल्लीत पार्क होतो.) चित्रात हे खपतं, कारण चित्राला वजन नसतं. खऱ्या रस्त्यावर, खऱ्या उन्हात ते खपत नाही. म्हणून सिनेमावाल्यांनी नियम केला: गाडीत जेवढा माल, तेवढाच रोबोट. मग चपट्या तोंडाचा ट्रक पुरेना, रोबोट बुटका व्हायला लागला. ऑप्टिमस झाला लांब नाकाचा पीटरबिल्ट आणि मेगाट्रॉन झाला परग्रहावरचं विमान. हे बदल मला पटतात.

खरी गडबड पुढची. आयएलएम या स्टुडिओने ऑप्टिमस बनवला तो १०,१०८ भागांचा. प्रत्येक गिअर, प्रत्येक पत्रा हलतो. थांबवून बघा, थक्क व्हाल. पण सिनेमा थांबत नाही. दोन रोबोट भिडले की करड्या भंगाराचा एक ढीग दुसऱ्या ढिगावर पडतो. कार्टूनमध्ये लाल-निळा म्हणजे ऑप्टिमस, पिवळा म्हणजे बंबलबी, सावलीवरूनसुद्धा ओळखा. दादाचा प्रश्न नेमका हाच होता. आणि या सिनेमात ऑप्टिमसची पट्टी सरकते, ओठ दिसतात. आवाज कलन यांचाच आहे, चाहत्यांच्या आग्रहाने परत आणलेला. तरी ते ओठ बघून मला कसंतरीच झालं होतं.

आता ते ठेवलेलं भरकटणं. वयाने मोठे श्रोते म्हणतील, दूरदर्शनवरचा 'जायंट रोबोट' विसरलास का? नाही हो. पण ते कार्टून नव्हतंच, १९६७ची जपानी मालिका होती ती, रोबोटच्या पोशाखात माणूस असायचा. चेहरा तर ढिम्म हलायचा नाही. शेवटच्या भागात तो हुकूम मोडून शत्रूला घेऊन अवकाशात जातो आणि परत येत नाही. ते लोकांना अजून आठवतं. न हलणाऱ्या चेहऱ्याचं!

२०१८च्या 'बंबलबी'चे दिग्दर्शक ट्रॅव्हिस नाइट हे मुळात बाहुल्या एकेक फ्रेम हलवून अॅनिमेशन करणारे. त्यांना हे उमगलं असावं. पृथ्वीवर मोजकेच रोबोट, रंग स्वच्छ, चेहरा साधा. बेच्या सिनेमात बंबलबी कॅमॅरो होता, इथे पुन्हा कार्टूनमधली फोक्सवॅगन बीटल. एक मुलगी गॅरेजमध्ये त्याच्याकडे बघते, तो घाबरून कोपऱ्यात अंग चोरून बसतो. एवढा मोठा पत्रा, पण आपल्याला त्याची दया येते.

पण हिशेबही सांगतो, कारण तो माझ्या बाजूने नाही. 'बंबलबी'ने जगभरात ४७ कोटी डॉलरच्या आसपास कमावले. बेच्या २०१४च्या चौथ्या भागाने ११० कोटी. म्हणजे जगाला भंगाराचा ढीग चालला, दादाला नाही.

'बंबलबी'ची सुरुवात सायबरट्रॉन ग्रहावरच्या लढाईने होते. सगळे जवळपास कार्टूनमधल्याच आकारात, पट्टीवाला ऑप्टिमससुद्धा. मी तेवढा तुकडा दादाला दाखवला. तो काही बोलला नाही. मागे नेऊन परत बघितला, मग अजून एकदा. मग म्हणाला, "बाकीचा लाव."

संपल्यावर त्याने विचारलं, "ट्रेलरचं काही कळलं का?"