पिंपरीची रथशाळा

गेल्या चैत्रांत आमच्या घरीं एक प्रश्न उपस्थित झाला. आमच्या थोरल्या बंधूंची नात रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनांत यंत्रविद्येच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षास होती. तिला पिंपरी येथील मालमोटारींच्या कारखान्यांत एक वर्ष शिकाऊ म्हणून येण्याविषयीं पत्र आलें. मुलीनें तें देवापुढें ठेवून नमस्कार केला, आणि त्याच दिवशीं घरांत दोन तट पडले. अण्णांचें, म्हणजे थोरल्या बंधूंचें, म्हणणें असें कीं, विद्या निराळी आणि दिवसभर तेलकट हातांनीं लोखंडाशीं झोंबणें निराळें. मुलीनें पुढें पदवी घ्यावी व कोठें तरी अध्यापन करावें. त्यावर माजघरांतून कोणी तरी हळूच विचारलें, "पण तो कारखाना आपल्यापैकीं कोणी पाहिला आहे का?" प्रश्न रास्त होता. अण्णांस अठ्ठ्याहत्तरावें वर्ष लागलें आहे. रात्रीचा प्रवास त्यांच्यानें होत नाहीं. तेव्हां पस्तीस वर्षें मुलांस संस्कृत शिकवून निवृत्त झालेले आम्ही ह्या कामगिरीवर मुक्रर झालों.

मालमोटार, जिला आज सर्वजण ट्रक म्हणतात, ती आम्हां रत्नागिरीकरांस कांहीं नवखी नाहीं. आमच्या वडिलांच्या तरुणपणीं मुंबईचा मार्ग समुद्राचा होता. माणसें आणि आंबे एकाच आगबोटीनें जात. पुढें रस्ते सुधारले, आगबोटी थांबल्या आणि आंब्याच्या पेट्या मालमोटारींवर चढल्या. आतां हंगाम सुरू झाला कीं, जेथें बैलही धापा टाकील अशा चढणीवरच्या बागांतून लहान मालवाहू गाड्या पेट्या घेऊन उतरतात. ह्यांतली टाटांची 'एस' २००५ सालीं निघाली. तिला लोकांनीं 'छोटा हत्ती' हें नांव दिलें, आणि तें कंपनीच्या नांवाहून अधिक चाललें. नाक्यावर मोठ्या गाडींत माल भरला जातो व ती रातोरात वाशीच्या बाजाराकडे निघते. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पुरी झाली तेव्हां आम्हांस वाटलें होतें कीं, ह्या गाड्यांचे दिवस भरले. झालें उलटेंच. १९९९ पासून भरलेल्या मालमोटारीच रेल्वेच्या उघड्या वाघिणींवर चढून कोंकणांतून प्रवास करूं लागल्या. चालक आपल्या गाडींत निजलेला आणि गाडी आगगाडीच्या पाठीवर, हें दृश्य आम्हीं कितीदां तरी पाहिलें आहे. तरीही हें वाहन घडतें कसें, असा विचार मनांत कधीं आला नव्हता.

एस. टी. च्या रात्रीच्या गाडीनें आंबा घाट चढून, मलकापूर, कराड, सातारा करीत आम्ही पहांटे पुण्यास पोंचलों. नात बरोबर होतीच. आमचा एक जुना विद्यार्थी पिंपरीच्या कारखान्यांत एका विभागाचा प्रमुख आहे. त्यानें परवानगी काढून ठेविली होती. धोतर चालणार नाहीं असें आधींच कळविल्यामुळें आम्हीं पुतण्याची विजार चढविली होती. फाटकाशीं वहाणा उतरवून पोलादी टोंकाचे बूट दिले, डोक्यावर शिरस्त्राण आलें, आणि डोळ्यांवर चष्म्यावर आणखी एक चष्मा. नातीनें आमच्याकडे पाहून तोंड फिरविलें. ती हंसत होती हें आम्हांस ठाऊक आहे.

ह्या संस्थेचा थोडा इतिहास सांगणें अवश्य आहे. ती १९४५ सालीं जमशेदपूर येथें आगगाडीचीं इंजिनें बांधण्याकरितां निघाली. १९५४ मध्यें जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशीं पंधरा वर्षांचा करार होऊन तेथें मालमोटारी तयार होऊं लागल्या. १९६९ मध्यें करार संपला तेव्हां गाडीच्या नाकावरचा परकीय तारा जाऊन तेथें टाटांचें अक्षर आलें. पुण्याचा कारखाना १९६६ चा. त्याची उभारणी सुमंत मुळगांवकर (१९०६–१९८९) ह्या इंजिनियरांच्या हातची. उजाड माळावर यंत्रांच्या बरोबरीनें त्यांनीं झाडें लावविलीं व तळें करविलें. ती सावली आजही कामास येते. 'सुमो' नांवाची गाडी वाचकांनीं पाहिली असेल. तें नांव जपानी मल्लांवरून पडलें असावें असें आम्ही आजवर समजत होतों. तें सुमंत मुळगांवकर ह्यांच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून पडलें, आणि इंग्रजी लेखनामुळें 'मु' चा 'मो' झाला, हें आम्हांस येथें कळलें.

आंत गेल्यावर आमची दृष्टि प्रथम भट्टी आणि घण शोधूं लागली. त्यांतलें तेथें कांहींच नव्हतें. इंजिनाचा ठोकळा ओतशाळेंत वाळूच्या साच्यांत आधींच ओतलेला असतो, दंतचक्रांचे दांते दुसरीकडे कापलेले असतात, आणि शेंकडों लहानमोठे भाग भोसरी-चाकणकडच्या लहान कारखान्यांतून आलेले असतात. येथें त्यांची जुळणी होते. लांबच लांब छपराखालीं एक रांग संथपणें सरकत असते. तिच्या आरंभीं दोन पोलादी पन्हळी समांतर ठेवून आडव्या पट्ट्यांनीं जोडलेली चौकट येते. शिडीच म्हणा ना. कामगार तिला 'चासी' म्हणतात. सगळी गाडी ह्या शिडीवर उभी राहावयाची. गंमत अशी कीं ही चौकट प्रथम पालथी येते, कारण पाटे आणि आंस वरून बसविणें सोपें पडतें. मग यारी तिला उचलून अलगद उताणी करते. तान्ह्या मुलास तेल लावतांना आजी पायांवर उलटेंपालटें करते, त्याची आम्हांस आठवण झाली. पुढें वाऱ्याच्या नळ्या, विजेच्या तारा, इंजिन, टाकी, चालकाची केबिन, चाकें अशीं एकामागून एक येतात. प्रत्येक चौकटीवर सतरा अंकाक्षरांचा क्रमांक कोरलेला असतो. हें तिचें जन्मनांव, आणि तें मरेपर्यंत पालटत नाहीं. रांगेच्या टोंकाशीं तेल ओततात, कळ फिरवितात, आणि आतांपर्यंत ओढलेली वस्तु स्वतःच्या बळानें निघून जाते. तो क्षण आम्हीं तीनदां उभे राहून पाहिला.

डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नसते, हें वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल, आम्हांस नव्हतें. कोंडलेला वारा इतका दाबतात कीं त्या दाबानेंच तो तापतो, आणि त्यांत तेलाचा फवारा सोडतांच तें पेट घेतें. अरणीच्या मंथनांतून अग्नि निघालेला आम्हीं लहानपणीं एका यज्ञांत पाहिला होता. दाबांतून निघालेला अग्नि हा प्रकार मात्र नवा.

खरी मौज आंसाची. बैलगाडीचा आंस, तुंबा, आरे, धाव हीं नांवें खेड्यांत वाढलेल्यास सांगावयास नकोत. आंस म्हणजे संस्कृतांतील अक्ष, आरे म्हणजे अर. आणि इंग्रज आंसाला ॲक्सल म्हणतात तोही त्याच कुळांतला शब्द. हें आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें सांगितलें, परंतु मोटारीच्या आंसांत काय असतें हें पाहिलें नव्हतें. बैलगाडीचीं दोन्ही चाकें आंसावर मोकळीं फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकास लांबचा फेरा पडतो, आंतल्यास जवळचा. मोकळीं असल्यामुळें दोन्ही आपापल्या परीनें फिरतात. मोटारींत इंजिनाची शक्ति आंसाच्या दांड्यांतूनच चाकांस जाते. दोन्ही चाकें एकाच दांड्यास घट्ट बसविलीं, तर प्रत्येक वळणावर एक चाक घांसत जाईल. म्हणून दांडा मधोमध तोडून त्याचे दोन केले आहेत, आणि मध्यें दंतचक्रांची पेटी घातली आहे. मेकॅनिक लोक तिला डिफ्रन्शियल म्हणतात. शिकाऊ मुलांकरितां कापून उघडी ठेविलेली अशी एक पेटी आमच्या विद्यार्थ्यानें हातानें फिरवून दाखविली. सरळ रस्त्यावर सगळी पेटी एकसंध फिरते. वळण आलें कीं पेटींतलीं लहान चक्रें स्वतःभोंवतीं फिरूं लागतात, आणि आंतल्या चाकाची गति जितकी कमी होते नेमकी तितकीच बाहेरच्याची वाढते. दोहोंची बेरीज तीच राहते. एकत्र कुटुंबांत वाटण्या इतक्या चोख झाल्या असत्या तर वकिलांचें कठीण होतें! आंबा घाटाच्या प्रत्येक वळणावर आदल्या रात्रीं ही बेरीज-वजाबाकी आमच्याच आसनामागें चालली होती, आणि आम्ही घोरत होतों.

तसाच ब्रेक. जड गाडीचा ब्रेक वाऱ्याच्या दाबानें लागतो हें ऐकून होतों. परंतु उभ्या गाडीच्या ब्रेकाची योजना उलटी आहे. तेथें एक बळकट स्प्रिंग ब्रेक आवळून धरते, आणि वाऱ्याचा दाब त्या स्प्रिंगेस मागें रेटून चाकें मोकळीं करतो. नळी फुटून वारा गेला तर गाडी सुटत नाहीं, जखडते. ज्यानें प्रथम असा उलटा विचार केला त्याचें नांव आम्हांस ठाऊक नाहीं. त्यास आम्हीं मनांतल्या मनांत हात जोडले.

आतां ज्याकरितां गेलों होतों तें. १९७४ सालीं ह्याच कंपनीच्या नोकरीच्या जाहिरातींत स्त्रियांनीं अर्ज करूं नये असें छापलें होतें. बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, पुढें प्रसिद्धीस आलेल्या सुधा मूर्ति, ह्यांनीं जे. आर. डी. टाटांस साधें कार्ड लिहून त्याचा जाब विचारला. त्यांस पुण्यास मुलाखतीस बोलावणें आलें, आणि त्या तेथील पहिल्या स्त्री इंजिनियर झाल्या. त्याच पिंपरींत आज मोटारींच्या जुळणीची एक रांग स्त्रियाच चालवितात. आम्हीं पाहिलेल्या रांगेवरही मुली होत्या. त्यांतली एक, आमच्या नातीहून फार तर दोन वर्षांनीं मोठी, नेमक्या बळानें नट आवळणारा पाना चालवीत होती. ठरलेलें बळ पोंचलें कीं पाना 'कट्' असा आवाज करतो. हात तेलानें माखलेले असतील असें आम्ही समजून होतों. मोजे घातलेले होते, आणि ते आमच्या खडूच्या हातांहून स्वच्छ होते.

तथापि जें खटकलें तेंही सांगितलें पाहिजे. आवाज पुष्कळ आहे. पाळीभर उभें राहावयाचें. आणि तोच नट, त्याच जागीं, पुनःपुन्हां. आम्हीं त्या मुलीस विचारलें, "बाळ, कंटाळा येत नाहीं का?" ती म्हणाली, "येतो ना, आजोबा. म्हणून तर जागा बदलून मागते. एकेक जागा शिकायची." आमच्या नातीनें हें उत्तर आमच्याहून अधिक लक्ष देऊन ऐकलें.

दुपारीं उपाहारगृहांत बसलों असतां आम्हीं आपण होऊन एक जुनी गोष्ट काढली. हा विद्यार्थी शब्दरूपांत नेहमीं चुके. परंतु शाळेची बंद पडलेली विजेची घंटा त्यानें दोनदां दुरुस्त केली होती. १९८९ सालीं त्याच्या वडिलांनीं आम्हांस विचारलें होतें कीं, मुलास कारखान्यांत शिकाऊ म्हणून पाठवूं का? आम्हीं उत्तर दिलें होतें, "बुद्धि बरी आहे, तिला हमालीस लावूं नका." वडिलांनीं आमचें ऐकलें नाहीं.

"मला ठाऊक आहे, सर," तो म्हणाला. "बाबा घरीं येऊन बोलले होते कीं, मास्तर देवमाणूस, पण त्यांस लोखंड ठाऊक नाहीं."

आम्हीं ताकाचा पेला तोंडास लावला. परतीच्या गाडींत नात खिडकीशीं निजली होती. आम्हांस मात्र, ज्यांच्या वडिलांनीं आमचें ऐकलें होतें तीं मुलें एकामागून एक आठवत राहिलीं.

घरीं आल्यावर अण्णांनीं चार प्रश्न विचारले: राहावयाचें कोठें, जेवणाचें काय, रात्रीं सोबत कोण, आणि अपघाताचें काय. आम्हीं पाहिलें तेवढें सांगितलें. आवाज, उभें राहणें आणि तो एकच नट हेंही लपविलें नाहीं. किर्लोस्करांचा दाखला दिला: लक्ष्मणराव मुंबईस शिक्षकच होते, ती नोकरी सोडून त्यांनीं लोखंडाचे नांगर केले व १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली. अण्णा म्हणाले, "तो पुरुष निराळा." मग आम्हीं त्यांच्याच शास्त्रांत शिरलों. अण्णांनीं जन्मभर पोस्टांत नोकरी केली, तरी मीमांसेचा व्यासंग सोडला नाहीं. मीमांसेंत रथकाराचें अधिकरण प्रसिद्ध आहे. अग्न्याधानाकरितां ब्राह्मणास वसंत, क्षत्रियास ग्रीष्म, वैश्यास शरद् असे ऋतु सांगून रथकारास वर्षाऋतु सांगितला आहे. आतां रथकार म्हणजे रथ करणारा कोणीही त्रैवर्णिक, कीं त्या नांवाची निराळी जात, हा तेथील वाद.

"म्हणजे रथ करणाऱ्याचा अधिकार शास्त्रानें मानला आहे," आम्ही म्हणालों.

"सिद्धांत तुझ्या उलट जातो," अण्णा तत्काळ म्हणाले. "रूढ अर्थ यौगिक अर्थाहून बलवान्. तेथें रथकार ही जात आहे. ब्राह्मणानें रथ केला म्हणून तो रथकार होत नाहीं."

"मग तो ब्राह्मणच राहतो ना?"

अण्णा कांहीं बोलले नाहींत. संध्येची वेळ झाली होती. ते उठून गेले.

संमतीच्या कागदावर सही वडिलांची चालली असती; परंतु घरची रीत म्हणून मुलीनें तो आजोबांपुढेंच ठेविला होता. तो दोन दिवस पंचांगाखालीं पडून राहिला. तिसऱ्या दिवशीं सकाळीं अण्णांनीं तो काढला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, आणि नातीस हांक मारली.

"रुजू केव्हां व्हावयाचें?"

"जुलैंत, आजोबा."

"म्हणजे वर्षाऋतूंत," अण्णा म्हणाले, आणि त्यांनीं लेखणी मागितली.