दहा जणांचं टपाल, एकच टेबल

सांगलीत कर सल्लागाराकडे येणारा व्यापारी पॅन कार्ड आणतो, आधार आणतो, दुकानाच्या भाड्याचा करार आणतो. ईमेल विचारला की म्हणतो, "तुमचाच टाका की." १ जुलै २०१७ला जीएसटी लागू झाला, त्या धांदलीत माझ्यासारख्या अनेकांनी ग्राहकांच्या नावाने ईमेल खाती उघडून दिली. पासवर्ड आमच्याच वहीत राहिले. तेव्हा ती नोंदणीपुरती सोय वाटत होती. पण जीएसटी कायद्याच्या कलम १६९ मध्ये नोटीस बजावण्याच्या ज्या रीतसर पद्धती दिल्या आहेत, त्यांत नोंदणीच्या वेळी दिलेल्या ईमेलवर पाठवणं हीही एक आहे. म्हणजे पत्ता अण्णांसारख्या एखाद्या ग्राहकाच्या नावाचा आणि तो रोज उघडून बघायचं काम माझ्याकडे.

ब्राउझरमध्ये एका खात्यातून बाहेर पडा, दुसऱ्यात शिरा, हे दिवसभर करून माणूस वैतागतो. थंडरबर्ड, आउटलुक अशा प्रोग्रॅमचा मोह इथेच होतो. एकाच खिडकीत सगळी खाती, डावीकडे ओळीने नावं, नवीन मेल आली की ठळक आकडा. कल्पना झकास आहे. फक्त हे प्रोग्रॅम बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जो माणूस असतो, त्याचं एक खातं घरचं आणि एक ऑफिसचं, आणि दोन्ही त्याचीच. खुर्चीवर एक बसलाय आणि टपाल भलत्याच दहा जणांचं आहे, हा प्रकार त्यांच्या हिशेबातच नसतो. आमच्याकडे मात्र गावोगावी हेच चालतं. सोसायटीचे सेक्रेटरी, शाळेतले क्लार्क, आईवडलांचे व्यवहार बघणारी मुलं, सगळे याच वाटेचे.

पहिली अडचण कुठे येते ते कळायला थोडं आत डोकवावं लागतं. ईमेल खातं ही एक वस्तू आहे असं आपण धरून चालतो. प्रोग्रॅमच्या लेखी ते दोन वेगळे व्यवहार असतात. दारात टपाल टाकणारा पोस्टमन आणि नाक्यावरची लाल पेटी यांची जशी एकमेकांशी ओळख असायचं कारण नाही, तसंच येणाऱ्या आणि जाणाऱ्या मेलच्या सर्व्हरचं आहे. पाठवण्याची एसएमटीपी ही पद्धत जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून काढली. मेल सर्व्हरवरच ठेवून कुठूनही वाचायची आयमॅप पद्धत त्यानंतर, १९८६ साली, स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांच्या हातून आली. पाठवण्याच्या मूळ पद्धतीत तर पाठवणारा खरा कोण, हे तपासायची सोयच नव्हती. पासवर्ड विचारणं मागाहून जोडलं गेलं. वेगवेगळ्या वेळी शिवलेली ही दोन ठिगळं आज एका खिडकीत दिसतात, पण मधली शिवण अजून उसवते.

ती कशी उसवते ते आम्ही एका हळदीच्या अडत्याच्या खात्यात बघितलं. नाव आणि पासवर्ड दिल्यावर प्रोग्रॅमने हिरवी खूण दाखवली, मेल धडाधड यायला लागल्या. अडत्याचं कॅश क्रेडिटचं स्टॉक स्टेटमेंट बँकेला पाठवलं. तासाभरात बँकेतून फोन. "वकीलसाहेब, हळदीचा स्टॉक बेकरीवाले कधीपासून पाठवायला लागले?" (मी वकील नाही. पण सांगलीत कराचं काम करणारा प्रत्येक जण वकीलसाहेबच असतो.)

झालं होतं असं. येणाऱ्या मेलसाठी प्रोग्रॅमने अडत्याचा सर्व्हर बरोबर धरला. जाणाऱ्यासाठी मात्र यादीतला पहिला सर्व्हर परस्पर लावून टाकला, आणि यादीत पहिली होती गणपती पेठेतली बेकरी. त्यात काही मेलसेवा अशा आहेत, की तुम्ही ज्याच्या पासवर्डने आत आलात त्याच्याऐवजी पाठवणाऱ्याच्या रकान्यात दुसराच पत्ता दिसला, तर तो काढून त्या खात्याचाच पत्ता टाकतात. खोटेपणा रोखायला ते योग्यच आहे. पण अडत्याचा माल बेकरीच्या नावावर गेला तो त्यामुळे.

थंडरबर्डमध्ये ही सेटिंग सापडायलाही नशीब लागतं. खात्यांची यादी डावीकडे, प्रत्येकाखाली पाच-सहा पोटविभाग. जाणाऱ्या सर्व्हरची यादी यांतल्या एकातही नाही. सगळ्यांच्या तळाला, जणू कुणाचीच नाही अशी एकटी पडलेली. कोणत्या खात्याने त्यातला कोणता सर्व्हर घ्यायचा, हे ठरवणारा बारीकसा रकाना पुन्हा वर, खात्याच्या पहिल्या पानावर खाली. त्यामुळे नवीन खातं जोडलं की आमच्या ऑफिसात आधी त्यातून आपल्याच दुसऱ्या पत्त्यावर मेल टाकतात आणि पाठवणाऱ्याचा पत्ता मोठ्याने वाचतात. मेल पोचली एवढं पुरत नाही.

बेदाण्याच्या एका शीतगृहाचं स्वतःचं संकेतस्थळ आहे आणि ईमेलचा पत्ताही त्याच नावाचा. इथे त्रासाची जात बदलते. त्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरांना आहे, याची यादी संकेतस्थळाच्या मालकाने जाहीर केलेली असते. तिला एसपीएफ म्हणतात. यादीबाहेरच्या सर्व्हरमधून गेलेली मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये पडू शकते. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहूने ही तपासणी आणखी कडक केली आहे. वर प्रोग्रॅम सर्व्हरचा पत्ता अंदाजाने भरतो आणि मग प्रमाणपत्र जुळत नाही म्हणून लाल इशारा देतो. कारण साधं असतं. स्वस्तातल्या होस्टिंगवर एकाच यंत्रावर अनेक संकेतस्थळं नांदतात आणि प्रमाणपत्र बऱ्याचदा होस्टिंगवाल्याच्या नावाचं असतं, शीतगृहाच्या नव्हे. अशा वेळी 'अपवाद करा'चं बटण दाबून मोकळं होण्यापेक्षा होस्टिंगवाल्याला सर्व्हरचं खरं नाव विचारावं आणि ते भरावं. येणाऱ्यासाठी पोर्ट ९९३, जाणाऱ्यासाठी ५८७ किंवा ४६५, एवढंही त्याच फोनवर पक्कं करून घ्यावं.

पॉप ही जुनी पद्धत निवडली तर वेगळाच घोळ होतो. ती मेल सर्व्हरवरून उतरवून आपल्या संगणकात आणते. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये '१४ दिवसांनी सर्व्हरवरून काढा' या चौकोनात आधीच खूण केलेली असते. माझ्या संगणकावर सगळं जागच्या जागी दिसतं, आणि तिकडे दुकानात बसलेला एखाद्या शेठजींचा मुलगा मोबाइल बघून विचारतो, "साहेब, गेल्या महिन्याच्या मेल गेल्या कुठं?" दोघांनी एकच पेटी बघायची असेल तर आयमॅपच घ्यावं. इथे दुसऱ्या मताला जागा नाही.

हे सगळं एकदा बसवलं की चालतं. कायम छळतो तो ओळख पटवण्याचा कार्यक्रम. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२पासून बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये नुसता नेहमीचा पासवर्ड चालवणं बंद केलं. आता एकतर गूगलच्याच खिडकीतून आत शिरून प्रोग्रॅमला परवानगी द्यायची, नाहीतर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा खास अॅप-पासवर्ड काढायचा. पासवर्ड चोरीला जाण्याचं प्रमाण बघता हे हवंच होतं. पण पडताळणीची सूचना जाते खातेदाराच्या फोनवर, आणि खातेदार असतो मार्केट यार्डात, सौदे चालू असताना.

"अण्णा, फोनवर काहीतरी आलंय बघा. 'होय, मीच आहे' असं. त्यावर दाबा."

"कायबी आलं तर दाबायचं न्हाई म्हणून परवा टीव्हीवर सांगत हुते की."

"ते बरोबर आहे. पण हे मी पाठवलंय."

"त्येबी असंच म्हणतात म्हणं."

यावर काय बोलणार! अण्णांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. फोनवर कुणी कितीही ओळखीचं निघालं तरी 'होय' दाबू नये, हेच आम्हीही इतर वेळी ग्राहकांना सांगतो. शिवाय परवानगी एकदा दिली म्हणजे कायमची मिटली असंही नाही. खातेदाराच्या मुलाने खात्याचा पासवर्ड बदलला की आमच्याकडची मेल मुकाट्याने थांबते, आणि डाव्या बाजूच्या यादीत तो ठळक आकडा दिसला नाही तर आज नोटीस नाही असं वाटून जातं. म्हणून रोज सकाळी ऑफिसातली मुलगी नवीन मेल मोजत बसत नाही. प्रत्येक खात्यावर एकेकदा टिचकी मारते आणि कुठे पासवर्ड मागतंय का ते बघते.

नव्याने जोडायचं खातं असेल तर मी फोनवर भागवतच नाही. अण्णांनाच ऑफिसात बोलावतो, येताना फोन चार्ज करून आणा म्हणून बजावतो, आणि २० तारखेच्या आसपास, जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरायच्या गर्दीत, हे काम मुळीच काढत नाही.