उपद्रव, मर्यादा आणि पुरावा : स्थानिक संस्था व प्रदूषणाचे संनियंत्रण

कारखान्याच्या नाल्यातील पाणी काळे आहे आणि त्यास उग्र दर्प येतो, हे शेजारच्या कोणाही रहिवाशास सांगता येते. परंतु ते पाणी कायद्याने घालून दिलेल्या मर्यादेबाहेर गेले आहे किंवा नाही, हे डोळ्यांनी वा नाकाने ठरत नाही. पहिल्या क्रियेस पाहणी म्हणावे; दुसरीस संनियंत्रण म्हणजे घातलेली अट आणि प्रत्यक्ष स्थिती यांचा वारंवार व प्रमाणबद्ध ताळा. व्यवहारात हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात आणि त्यातूनच पुष्कळ घोटाळा होतो. महाराष्ट्रातील नगरपालिका व महानगरपालिका यांच्या संदर्भात हा भेद कसा निर्माण झाला आणि तो दृष्टिआड झाल्यास काय घडते, याचा येथे विचार केला आहे.

या विषयातील जुनी संकल्पना 'उपद्रव' ही होय. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमात नवा कारखाना काढण्यास आयुक्तांची परवानगी आणि धोक्याच्या वा उपद्रवकारक धंद्यांस परवाना आवश्यक ठरविण्यात आला. त्यामागील कसोटी शेजाऱ्याच्या अनुभवाची होती : धूर, दुर्गंधी, आवाज यांनी राहणे असह्य होते की नाही. ही कसोटी सर्वांस समजण्याजोगी असली तरी ती त्रास झाल्यानंतरच लागू होते, आणि जे विष दिसत नाही व ज्यास वास नाही, त्याबाबत ती मुकी राहते.

१९६९ चा महाराष्ट्राचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा, त्यान्वये १९७० मध्ये स्थापन झालेले राज्य मंडळ आणि १९७४ चा केंद्रीय जल अधिनियम, जो महाराष्ट्राने पुढे स्वीकारला, यांनी कायद्याची भाषाच बदलली. उपद्रवाच्या जागी 'मर्यादा' आली आणि परवान्याच्या जोडीस 'संमतिपत्र' आले. सांडपाणी सोडण्यापूर्वी मंडळाची संमती घ्यावी लागते आणि ती संमती अटींसह मिळते. या अटी बहुधा आकड्यांत असतात. भूपृष्ठावरील जलप्रवाहात सोडावयाच्या पाण्यासाठी केंद्रीय नियमांतील सर्वसाधारण मानक असे : जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी लिटरला ३० मिलिग्रॅम, रासायनिक ऑक्सिजन मागणी २५० मिलिग्रॅम, तरंगते घनपदार्थ १०० मिलिग्रॅम. यांपैकी पहिला आकडा म्हणजे पाण्यातील सेंद्रिय द्रव्य कुजविताना सूक्ष्मजंतू तीन दिवसांत, २७ अंश सेल्सिअस तापमानास, किती ऑक्सिजन खर्च करतात त्याचे माप. तो वाढला की नदीतील माशांच्या वाट्याचा ऑक्सिजन घटतो.

आकडा घातला की तो मोजणे आले आणि मोजणीस पुराव्याचे मोल हवे असेल तर तिची रीतही ठरवावी लागते. जल अधिनियमाच्या २१ व्या कलमात ती रीत आहे. नमुना घेणाऱ्या अधिकाऱ्याने आपला हेतू कब्जेदारास नोटिशीने कळवावयाचा, त्याच्या अथवा त्याच्या प्रतिनिधीच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करावयाचे, प्रत्येक भाग मोहोरबंद करून त्यावर दोघांनी सही करावयाची. एक भाग मंडळाच्या प्रयोगशाळेकडे जातो. कब्जेदाराने मागणी केल्यास दुसरा स्वतंत्र प्रयोगशाळेकडे पाठविला जातो. ही रीत पाळली गेली नाही, तर पृथक्करणाचा निष्कर्ष न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य होत नाही. पाणी कितीही काळे असो, मोहोर नसेल तर खटला उभा राहत नाही. उलटपक्षी, एका नोटिशीने आणि एका बाटलीने एका क्षणाचेच पाणी हाती येते. रात्रपाळीत काय सोडले गेले, याविषयी ती बाटली काही सांगत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्रीय मंडळाने २०१४ मध्ये अतिप्रदूषक अशा १७ वर्गांतील उद्योगांना अखंड मापन करणारी यंत्रे बसविण्याचे निर्देश दिले. मात्र ही यंत्रे मालकाच्या आवारात, मालकाच्याच देखभालीखाली चालतात. म्हणून पाण्याबरोबर यंत्राचीही तपासणी अगत्याची ठरते.

येथवर नियंत्रक आणि नियंत्रित हे दोन पक्ष निराळे होते. स्थानिक संस्थांच्या बाबतीत ही सीमारेषा पुसट होते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत घनकचरा व्यवस्थापन आणि पर्यावरणाचे संरक्षण हे दोन्ही विषय नगरसंस्थांकडे सोपविण्याजोगे म्हणून नमूद आहेत. परंतु शहराचे मैलापाणी नदीत सोडणारी संस्था तीच आणि कचराभूमी चालविणारी संस्थाही तीच. म्हणजे जी संस्था इतरांच्या परवान्यांची तपासणी करते, तिलाच संमतीच्या अटी पाळावयाच्या असतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी नियमांची अंमलबजावणी स्थानिक संस्थांमार्फत करून तिचा वर्षातून किमान दोनदा आढावा घेण्याचे काम राज्य मंडळाकडे दिले, तर वार्षिक अहवाल लिहिण्याचे काम स्थानिक संस्थेकडे. परीक्षार्थ्यानेच आपली उत्तरपत्रिका प्रथम तपासावी, अशातलाच हा प्रकार होय.

अटींच्या अभावी हे घडते असे मात्र नाही. २००० च्या नियमांत कचराभूमीबाबत बारीकसारीक तरतुदी होत्या. भूमीच्या सीमेपासून ५० मीटरच्या आतील भूजल वेळोवेळी तपासावयाचे होते. कुजणाऱ्या कचऱ्यातून निघणारा मिथेन वायू हवेशी मिसळून स्फोट होण्यास लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या २५ टक्क्यांपलीकडे जाऊ द्यावयाचा नव्हता. भूमी बंद केल्यावरही निदान १५ वर्षे देखभाल करावयाची होती; कारण वरून माती टाकली तरी आतील कचरा कुजतच राहतो आणि त्यातून झिरपणारे पाणी भूगर्भात उतरतच राहते. जुन्या कचराभूमी सुधारण्याची मुदत ३१ डिसेंबर २००१ ही होती.

मुंबईतील देवनारची कचराभूमी १९२७ पासून वापरात आहे. तेथे २०१६ च्या जानेवारीत लागलेल्या आगीचा धूर शहरावर पसरला. मुदत टळून तेव्हा चौदा वर्षे उलटली होती. पुढील महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने कचऱ्याचा प्रश्न सुटेपर्यंत शहरातील नव्या बांधकामांच्या परवानग्यांवर निर्बंध घातले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशास स्थगिती दिली. आग दिसण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. ती उपद्रवाच्या जुन्या कसोटीनेच कळते. मापनाची नवी व्यवस्था ज्यासाठी उभारली, ते काम, म्हणजे त्रास होण्यापूर्वी इशारा देणे, तेथे झाले नाही. त्याची किंमत कचराभूमीच्या कडेस राहणाऱ्या वस्तीने मोजली.

पैशाअभावी अटी पाळता आल्या नाहीत, हा बचाव नगरसंस्थांना फार पूर्वीच नाकारला गेला आहे. मध्य प्रदेशातील रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात उघडी गटारे आणि मद्यार्क कारखान्याचे दुर्गंधीयुक्त पाणी यांविरुद्ध रहिवाशांनी दंडाधिकाऱ्याकडे दाद मागितली होती. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालपत्रात, निधीचा तुटवडा हे वैधानिक कर्तव्य टाळण्याचे कारण होऊ शकत नाही असे ठरविले. रहिवाशांचे हत्यार तेव्हा 'उपद्रव' हीच संकल्पना होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

तेव्हा कोणत्याही अनुपालन अहवालास तीन प्रश्न विचारावेत. अट मोजता येण्याजोग्या शब्दांत आहे काय? 'पुरेशी दक्षता घ्यावी' हे वाक्य कोणासही मोडता येत नाही, म्हणून कोणासही पाळताही येत नाही. '५० मीटरच्या आतील भूजल' हे मोडता येते, म्हणूनच ते अट ठरते. मोजणी कोणी केली? आणि तिचा निष्कर्ष ज्यांच्या विहिरीतील पाणी तपासले, त्यांच्या दृष्टीस, त्यांच्या भाषेत पडला काय? या तिहींचे उत्तर होकारार्थी आणि दुसऱ्याचे त्रयस्थाकडे बोट दाखविणारे असेल, तरच अहवालातील 'अनुपालन झाले' या दोन शब्दांस अर्थ आहे. एरवी ती केवळ पाहणी झाली. आणि पाहणी तर कचराभूमीच्या कडेस राहणारा मनुष्य रोजच करीत असतो.