नटामागची मंडळी

गायक नट केशवराव भोसले ४ ऑक्टोबर १९२१ला गेले, तेव्हा त्यांचं वय अवघं एकतीस. तीनच महिन्यांपूर्वी, ८ जुलैला, टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ या संगीत नाटकाचा प्रयोग झाला होता. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. कोल्हापूरच्या या पोरानं १९०८ साली हुबळीत ‘ललितकलादर्श’ नाटक मंडळी काढली, तेव्हा त्याला अठरावंही पुरं झालं नव्हतं.

ज्याच्या गळ्यासाठी लोक तिकीट काढत, तोच गेला. मंडळी मात्र टिकली. बापूराव पेंढारकरांनी ती अंगावर घेतली आणि १९२२ साली मामा वरेरकरांचं ‘सत्तेचे गुलाम’ रंगभूमीवर आणलं. १९३७ साली बापूरावही गेले. मग त्यांच्या मुलानं, भालचंद्र पेंढारकरांनी, १९४२ साली मंडळी पुन्हा उभी केली. ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘जय जय गौरीशंकर’ ही पुढची नाटकं त्याच नावाखाली गाजली.

एवढं सगळं पचवून मंडळी कशी टिकते, हे मला कोल्हापुरातल्या एका तालमीत बसून कळलं. खोली लहान, कोपऱ्यात पायपेटी. वाजवणारे बुवा म्हातारे, पण दोन्ही पाय भात्यावर एका लयीत चाललेले. नवा पोरगा गाण्यात तयार. पद आलं की मात्र संवादाचा शेवट गिळून थेट सुरावर उडी मारायचा.

“अरे, वाक्य आधी संपव की! सूर कुठं पळून जातोय व्हय?”

मग बुवांनी करून दाखवलं. पोरगा शेवटचं वाक्य बोलत असतानाच त्यांनी पायपेटीवर षड्ज धरला, अगदी बारीक, ऐकू येईल न येईल असा. बोलणाऱ्याचा आवाज आपोआप त्या सुराकडे सरकला आणि शेवटच्या शब्दातूनच पद वर आलं. पट्टीही त्यांनी उतरवली होती. पूर्वी ही भूमिका करणारा नट उंच गायचा. या पोराला तिथं ताणावं लागत होतं. “त्याचा गळा त्याचा, तुझा तुझा,” एवढंच म्हणाले. तबलजीनं न सांगताच दुसरा तबला पुढं ओढला.

मला हे फार मोलाचं वाटतं. मोठ्या नटाची नक्कल करायला लावली असती तर पोरगा आठ प्रयोगांत संपला असता. पद तेच ठेवायचं, जागा तीच ठेवायची, पट्टी मात्र नव्या माणसाची लावायची, हे ज्याला जमतं तोच खरा मंडळी चालवतो. आणि वन्स मोअर आला तर किती लांबवायचं, प्रसंग कुठं ढिला पडेल, हेही पायपेटीवाल्यालाच आधी कळतं.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवरावांच्या नावाचं नाट्यगृह जळालं, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. सारं कोल्हापूर हळहळलं. वास्तूसाठी जीव तुटतो, तसा या साथीदारांसाठीही तुटायला हवा. जाहिरातीत नटाच्या नावाखाली पायपेटी आणि तबला वाजवणाऱ्यांची नावं त्याच मापाच्या अक्षरांत छापा, आणि तालमीचेही पैसे द्या. फक्त प्रयोगाचे नकोत.