मातीचा कोट आणि भोवतीची बाग

बिलोलीत पाहुणा आला की आपण त्याला जुनी दगडी मशीद दाखवायला नेतो. दगड घडवलेला दिसतो, त्यामागची मेहनत दिसते, म्हणून ती जपायला हवी हे कुणाला सांगावं लागत नाही. पण आपल्या मराठवाड्यात गावोगावी ज्या मातीच्या गढ्या आहेत, त्यांच्याकडे आपण काय म्हणून बघतो? उंचवटा म्हणून, नाहीतर फुकट मातीची खाण म्हणून. आज आपण तेवढंच बोलणार आहोत. मातीचा कोट उभा कसा राहतो, ढासळतो कसा, आणि त्याच्याभोवती सार्वजनिक बाग केली तर तो खरंच वाचतो का?

आधी माती समजून घेऊ. आपल्याकडे जुनी विभागणी आहे : काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिची भिंत टिकत नाही. पांढरी माती तशी फुगत नाही, नीट चोपली की पाणी लवकर आत घेत नाही. म्हणून तर मिरगाच्या आधी माळवदावर पांढऱ्या मातीचा थर द्यायची पद्धत होती. गढ्यांच्या भिंतींतही हीच माती. शिवाय वस्तीच्या जागेतली राख, शेण, केरकचरा पिढ्यान्‌पिढ्या तिच्यात मुरलेला, म्हणून ती पिकालाही मानवते. मग काय, गाड्याच्या गाड्या भरून शेतात गेली. कित्येक गढ्या शत्रूने पाडल्या नाहीत, आपणच टोपल्या-टोपल्यांनी नेल्या. हे दोष द्यायला सांगत नाही. माळवद गळत होतं, शेताला खत हवं होतं, आणि गढीत राहणारं कुणी उरलं नव्हतं.

आता कोटाची रचना बघा. खंदक खणायचा आणि निघालेली माती आतल्या बाजूला टाकून तट उभा करायचा. एका खणण्यात दोन कामं. विदर्भात वैनगंगेकाठी पवनी आहे. तिथे एका बाजूला नदी आणि बाकीच्या बाजूंना खंदक व मातीचा तट, असा प्राचीन नगराचा बंदोबस्त आजही ओळखता येतो.

कुणी म्हणेल, माती ती माती, तिच्यात दम किती? त्याचं उत्तर भरतपूरला मिळतं. १८०५ साली यशवंतराव होळकर तिथल्या जाट राजाच्या आश्रयाला होते. इंग्रज सेनापती लेक तोफा घेऊन आला. जानेवारी-फेब्रुवारीत त्याने चार वेळा हल्ला चढवला आणि चारही वेळा माघार घेतली. मेलेले आणि जखमी मिळून त्याची ३,०००हून अधिक माणसं कामी आली. दगडी भिंतीवर गोळा बसला की दगड फुटतो, कपचे उडतात. मातीच्या जाड तटात गोळा रुतून बसतो, आणि पडलेलं खिंडार रातोरात माती टाकून बुजवता येतं. पुढे १८२६ साली भरतपूर पडलं, ते तटाखाली सुरुंग पेरल्यावर.

म्हणजे तोफेला न हरणारा तट कशाने हरतो? पाण्याने आणि पायांनी. उतारावर गवत असेल तोवर पावसाचा थेंब गवतावर पडतो. लोक रोज एकाच जागेवरून चढू लागले की तिथे पायवाट पडते, गवत मरतं, पहिल्या पावसात ओघळ होतो आणि दोन-चार पावसाळ्यांत त्या ओघळाची घळ होते. मोठं झाड तर दुहेरी नुकसान करतं. मुळं तट फोडतात, आणि वादळात झाड उन्मळलं की बुंध्याबरोबर तटाचा लचका जातो. म्हणून तटावरचं झाड काढायचं झालं तर जमिनीलगत कापावं, मुळं उपटू नयेत. हराळीसारखं दाट मुळांचं गवत हे तटाचं खरं पांघरूण.

आता बागेकडे येऊ. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात अलेक्झांड्रिया नावाचं शहर आहे. तिथला फोर्ट वॉर्ड हा किल्ला १८६१ साली, त्यांच्या यादवी युद्धात, वॉशिंग्टनच्या रक्षणासाठी बांधला. सगळा मातीचा. युद्ध संपल्यावर त्यातलं लाकूडसामान विकलं गेलं, माती तेवढी राहिली. १९६०च्या दशकात शहराने तिथे उद्यान केलं, एक बुरूज जुन्या आराखड्यांवरून पुन्हा उभारला आणि बाकीचा तट गवताखाली तसाच ठेवला. आज मूळ तटबंदीचा सुमारे ९० टक्के भाग शाबूत आहे. बागेमुळे कोट वाचला, हे खरं.

पण गोष्ट इथे संपत नाही. युद्धानंतर त्या किल्ल्याच्या आवारात आणि आसपास कृष्णवर्णीय कुटुंबं राहायला आली होती. त्यातले काही गुलामीतून सुटलेले. त्यांनी जमिनी घेतल्या, घरं बांधली, आपली माणसं तिथेच पुरली. जवळजवळ शंभर वर्षं ती वस्ती नांदली. उद्यानासाठी ती उठली. पाटीवर युद्धाचा इतिहास आला, वस्तीचा आला नाही. कित्येक वर्षांनी वंशजांनी आवाज उठवला, तेव्हा बागेतल्या विस्मृतीत गेलेल्या कबरी शोधल्या गेल्या. चार वर्षांच्या लढाईचा तट जपताना शंभर वर्षांचं गाव पुसलं गेलं होतं.

हे इतक्या लांबचं उदाहरण का सांगतोय? कारण आपल्याकडेही हाच प्रश्न येणार आहे. नांदेडला गोदावरीच्या वळणावर नंदगिरी किल्ला आहे, त्याच्या आत बगिचा आहे, पाण्याची टाकी आहे. किल्ल्यात बाग ही कल्पना आपल्याला नवी नाही. उद्या एखाद्या गढीला निधी मिळाला तर काय होईल? तटावर फरशीच्या पायऱ्या, फुलझाडांचे वाफे, रोज पाईपने पाणी, वर कारंजं. दिसायला छान. मातीचा तट मात्र आतून भिजत राहील आणि एका पावसाळ्यात बसेल.

तेव्हा बाग करायची तर खंदकाच्या बाहेर करावी. वाफे, पाणी, खेळणी सगळं सपाटीवर. तटावर फक्त गवत, आणि चढायला एकच ठरलेली वाट, तीही लाकडी पायऱ्यांची, माती न खणता ठेवलेली. पावसाचं पाणी कुठून उतरतं ते एका मुसळधार पावसात स्वतः उभं राहून बघावं, आणि मगच चर काढावा.

आणि याआधी एक काम आहे, त्याला निधी लागत नाही. गढीवर आणि गढीच्या पायथ्याला कोण राहिलं, कोण राहतं, कुणाचं थडगं, कुणाचा म्हसोबा, कुणाची विहीर, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून वहीत लिहून काढावं. नुसतं पाटलाच्या वाड्यात विचारू नका, गावकुसाबाहेरच्या घरांतही विचारा. ती वही ग्रामसभेपुढे ठेवावी आणि गढीची माती नेणं बंद करण्याचा ठराव तिथेच करावा. बागेचा नकाशा त्यानंतर काढायचा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.