तारकाम आणि ऑनलाइन बाजार

एक पक्कड, तांब्याच्या तारेचें एक वेटोळें आणि खिडकीजवळची उजेडाची जागा, एवढ्या भांडवलावर जे थोडे उद्योग आरंभितां येतात, त्यांत तारकामाची गणना केली पाहिजे. कर्णफुलें, आंगठ्या, मणी गुंफलेलीं पदकें, लहान लहान झाडें व पांखरें असे नाना प्रकार तारेपासून होतात. आपल्याकडे कित्येक घरीं प्लास्टिकच्या वायरच्या पिशव्या विणतात, त्यांचेंही कूळ हेंच. परंतु वस्तु करणें निराळें आणि ती विकणें निराळें. वस्तु सुंदर असूनही ती घेणारा माणूस आपल्या गांवांत नसतो, आणि जो घेईल तो आपल्यास ठाऊक नसतो. ही अडचण इंटरनेटवरील बाजारांनीं बरीच दूर केली आहे. हा व्यवहार कसा चालतो व त्यांत कारागिराचें नुकसान कोठें होतें, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगावें, असें आम्हीं योजिलें आहे.

पूर्वीं कारागीर स्वतः गिऱ्हाइकाच्या दारीं जात असे. युरोपांतील स्लोव्हाकिया देशाचे तारकाम करणारे लोक पाठीवर सामान घेऊन गांवोगांव हिंडत, आणि तडा गेलेल्या मातीच्या भांड्यांभोंवतीं तारेचें जाळें विणून तीं पुन्हा कामास आणीत. आपल्याकडील कल्हईवाल्याचें स्मरण यावरून कोणासही होईल. या कलेची नोंद युनेस्कोनें २०१९ सालीं मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत केली. दक्षिण आफ्रिकेंतील क्वाझुलु-नाताल प्रांतांतले झुलु कारागीर तर टेलिफोनच्या रंगीत तारांचे सुबक वाडगे विणतात. अशा फिरत्या कारागिराचें गिऱ्हाईक वस्तु हातांत घेई, ती दाबून, वाजवून पाही आणि मग पैसे देई. ऑनलाइन बाजारांत वस्तु घरींच राहते व तिचें चित्र मात्र जगभर हिंडतें. हा एक फरक नीट ध्यानांत घेतला, म्हणजे या व्यापाराचे बहुतेक नियम आपोआप कळूं लागतात.

या बाजारांपैकीं हस्तकलेकरितां विशेष प्रसिद्ध असलेला एट्सी हा बाजार २००५ सालीं अमेरिकेंत ब्रुकलिन येथें निघाला. अॅमेझॉन कंपनीनें २०१५ सालीं हातानें केलेल्या वस्तूंकरितां आपला निराळा विभाग उघडला. भारतांत तिनें २०१६ सालीं 'कारीगर' ही योजना, तर फ्लिपकार्टनें २०१९ सालीं 'समर्थ' ही योजना कारागिरांसाठीं सुरू केली. केंद्र सरकारच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाचें 'इंडियाहॅण्डमेड' हें विक्रीस्थान २०२३ सालीं निघालें. अशा ठिकाणीं बाजाराचा मालक सहसा आपली वस्तु विकत घेत नाहीं. तो मांडणीस जागा देतो, गिऱ्हाइकाचे पैसे जमा करून घेतो, आणि त्यांतून आपला हिस्सा कापून उरलेली रक्कम विक्रेत्याच्या बँकेंतील खात्यांत भरतो.

आतां चित्राचा विचार करूं. गिऱ्हाइकाच्या हातांचें काम येथें विक्रेत्याच्या शब्दांस करावें लागतें. छायाचित्र दिवसाच्या उजेडांत, साध्या पार्श्वभूमीवर घ्यावें. वस्तूशेजारीं पट्टी ठेवावी, म्हणजे आकाराविषयीं भ्रम होत नाहीं. मापें मिलिमीटरमध्यें द्यावीं. तारेची जाडी केवळ गेजमध्यें सांगणें धोक्याचें आहे. गेजचा आंकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु इंग्रजी व अमेरिकन हीं दोन कोष्टकें भिन्न आहेत, हें ठाऊक नसतें. इंग्रजी कोष्टकाप्रमाणें २० गेजची तार सुमारें ०.९१ मिलिमीटर जाड असते, तर अमेरिकन कोष्टकाप्रमाणें ती सुमारें ०.८१ मिलिमीटरच भरते. मुंबईच्या विक्रेत्यानें '२० गेज' असें लिहावें व न्यूयॉर्कच्या गिऱ्हाइकानें दुसरेंच समजावें, असा प्रकार यामुळें घडतो.

मापापेक्षांही धातूच्या नांवाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. 'जर्मन सिल्व्हर' या नांवांत चांदी असली, तरी त्या धातूंत चांदी मुळींच नसते. तांबें, निकेल व जस्त यांचें तें मिश्रण होय. निकेलानें कित्येकांच्या त्वचेस खाज सुटते व पुरळ उठतो. म्हणून अशा तारेचीं कर्णफुलें 'चांदीचीं' म्हणून विकणें ही नुसती लबाडी नव्हे. एखाद्या अनोळखी मुलीच्या कानांस होणाऱ्या इजेचें पापही त्यांत आहे. तांब्याचा दागिना कालांतरानें काळसर पडतो, व घामानें अंगावर हिरवट डाग उमटूं शकतो. हें आधींच लिहून ठेवावें. खरें सांगितल्यानें एखादें गिऱ्हाईक परत जाईल. परंतु खोटें सांगितल्यास गिऱ्हाईक आपला अनुभव त्याच पानावर लिहून ठेवतें, व तो पुढील प्रत्येक येणारा वाचतो.

आतां किंमतीकडे वळूं. कारण बहुतेक कारागीर बुडतात ते येथेंच. समजा, एका कर्णफुलांच्या जोडीस तार ४० रुपयांची, मणी ५० रुपयांचे व वेष्टन ३० रुपयांचें लागलें. काम दोन तास चाललें, व तासाचे १०० रुपये धरिले, तर मजुरी २०० रुपये झाली. एकूण ३२० रुपये. बाजाराचा हिस्सा शेंकडा २० आहे असें मानूं. पुष्कळ लोक ३२० मध्यें शेंकडा २० मिळवून ३८४ रुपये किंमत ठेवितात व हिशेब बरोबर झाला असें समजतात. परंतु बाजार आपला हिस्सा ३२० वर कापीत नाहीं, तो ३८४ वर कापतो. म्हणजे ७६ रुपये ८० पैसे गेले, व हातीं ३०७ रुपये २० पैसे आले. खरी रीत भागाकाराची आहे. १०० पैकीं ८० च आपले असतात, म्हणून ३२० ला ८० नें भागून १०० नें गुणावें; ४०० रुपये येतात. त्यांतून ८० गेले कीं बरोबर ३२० उरतात. शेंकडेवारीचीं उदाहरणें वर्गांत कंटाळवाणीं वाटतात खरीं, पण येथें त्यांवर घरची भाकरी अवलंबून आहे.

हा हिस्सा सदैव एकच राहतो असेंही नाहीं. एट्सीनें विक्रीवरील आपली आकारणी २०१८ सालीं शेंकडा ३.५ वरून ५ केली, व एप्रिल २०२२ मध्यें ती ६.५ वर नेली. त्या वेळीं कित्येक विक्रेत्यांनीं निषेध म्हणून आठवडाभर आपलीं दुकानें बंद ठेविलीं होतीं. यावरून असा बोध घ्यावा कीं, परक्याच्या ओसरीवर दुकान मांडणाऱ्यानें एकाच ओसरीवर विसंबूं नये. गांवची जत्रा, प्रदर्शन व ओळखीचीं घरें हींही हातचीं सोडूं नयेत.

दुसरें संकट यंत्राचें. हातानें दोन तासांत होणाऱ्या वस्तूसारखी दिसणारी वस्तु यंत्र क्षणांत काढतें, आणि चित्रांत दोन्ही सारख्याच दिसतात. अशा वेळीं किंमत उतरवून यंत्राशीं झुंजणें व्यर्थ होय. जें यंत्रास सहज साधत नाहीं तें कारागिरानें करावें: गिऱ्हाइकाचें नांव तारेंत वळवून द्यावें, बोटाच्या मापाची आंगठी करावी, तुटलेली वस्तु दुरुस्त करून द्यावी. तारेचीं टोंकें कानशीनें घांसून गुळगुळीत करावीं. दागिना जाड पुठ्ठ्यावर टांचून मजबूत पेटींत घालावा, कारण टपालांत वाकलेली तार वारंवार सरळ केल्यानें कठीण होते व शेवटीं तुटते. जेवढ्या दिवसांत वस्तु धाडूं असें लिहिलें असेल, त्याच्या आंत ती धाडावी.

आतां पालकांस दोन शब्द. आपल्या देशाच्या १८७२ च्या करारविषयक कायद्याप्रमाणें अज्ञानास करार करितां येत नाहीं. म्हणून मुलांनीं हौसेनें काम केलें, तरी दुकान व बँकेचें खातें वडील माणसाच्या नांवें असावें. करांचे नियम जाणत्यास विचारावे. आणि जमाखर्चाची वही मुलांकडून रोज लिहवून घ्यावी. शाळेच्या अभ्यासाचे तास मात्र या उद्योगानें गिळूं नयेत.

शेवटची सूचना आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. घरांतील माता व भगिनी हें काम करितात तेव्हां वहींत तारेचा खर्च लिहिला जातो, मण्यांचा लिहिला जातो, पण त्यांच्या वेळापुढें शून्य मांडिलें जातें. 'फावल्या वेळांत तर केलें,' असें म्हणून ती गोष्ट सोडून देतात. स्वस्त वस्तु भराभर खपते, घरांत आनंद होतो, आणि कांहीं महिन्यांनीं डोळे व बोटें दुखूं लागल्यावर कळतें कीं मिळकत कांहींच झाली नाहीं. ज्या विद्यार्थ्यास वरील हिशेब समजला असेल, त्यानें आज घरीं ती वही उघडावी व मजुरीचा रकाना प्रथम भरावा.