वयाचा आकडा आणि पिंपाचं लाकूड

आमच्या उंद्रीत मे महिन्यात माठातलं पाणी गार होतं, कारण हवा कोरडी असते आणि माठाच्या अंगातून पाझरलेलं पाणी भराभर उडून जातं. तोच माठ गोव्याच्या किनाऱ्यावर ठेवला तर पाणी तितकं गार होत नाही. तिथल्या हवेत बाष्प आधीच भरलेलं असतं. ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं मुरणाऱ्या व्हिस्कीचं नशीबही हवाच ठरवते. म्हणून सिंगल माल्टची पारख शिकायची असेल तर बाटलीवरच्या वयाआधी ते पिंप कुठल्या हवेत होतं, हे विचारावं.

आपल्या शेजारचं याचं उत्तम उदाहरण दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळीला आहे. तिथे जॉन डिस्टिलरीज ‘पॉल जॉन’ ही सिंगल माल्ट बनवते. 2012 साली ती पहिल्यांदा ब्रिटनच्या बाजारात उतरली. त्याआधी बंगळुरूच्या ‘अमृत’ने 2004 मध्ये ग्लासगोत आपली माल्ट नेऊन वाट पाडली होती. आता नाशिकमधूनही ‘लाँजिट्यूड 77’ ही सिंगल माल्ट येते. ती 2022 मध्ये बाजारात आली.

सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या जवापासून बनलेली व्हिस्की. आपल्याकडची स्वस्त व्हिस्की बहुतेक वेळा उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कावर उभी असते. दोन्हींचं कूळच वेगळं. कुंकळ्ळीत मास्टर डिस्टिलर मायकेल डिसोझा भारतात पिकणारा सहा ओळींचा जव वापरतात. स्कॉटलंडमध्ये वापरल्या जाणाऱ्या दोन ओळींच्या जवापेक्षा यात पिष्ट कमी, त्यामुळे मद्यार्क कमी उतरतो. पण प्रथिनं आणि टरफल जास्त असल्यानं चव भरदार येते. जव भिजवून मोड आणायचे, वाळवायचा, भरडून गरम पाण्यात त्याचा गोडवा उतरवायचा, यीस्ट घालून आंबवायचं आणि तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये दोनदा ऊर्ध्वपातन करायचं. एवढं करून हाती येतो तो पाण्यासारखा नितळ द्रव. रंग आणि निम्म्याहून जास्त चव त्याला पुढे लाकूड देतं.

हे लाकूड मुख्यतः दोन प्रकारचं. अमेरिकन बर्बनचं पिंप साधारण 200 लिटरचं असतं आणि व्हॅनिला, मध, नारळ अशा चवी देतं. शेरीचं मोठं पिंप 500 लिटरच्या आसपासचं. शेरी ही स्पेनच्या हेरेस भागातली वाइन. तिच्यातली ‘ओलोरोसो’ हवेच्या संपर्कात मुरते, म्हणून तपकिरी आणि अक्रोडाच्या वळणाची होते. ‘पेड्रो हिमेनेस’साठी द्राक्षं उन्हात सुकवतात, ती काकवीइतकी गडद आणि गोड. पूर्वी शेरी पिंपांतूनच ब्रिटनला जायची आणि रिकामी पिंपं स्कॉटलंडला स्वस्तात मिळायची. 1980 च्या दशकापासून शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद होऊ लागली. तेव्हापासून व्हिस्कीसाठी पिंपं मुद्दाम घडवून, त्यांत काही काळ शेरी भरून तयार करावी लागतात. शेरीतल्या माल्टची किंमत चढी असण्याचं हे एक मोठं कारण आहे. पॉल जॉनच्या ओलोरोसो आणि पेड्रो हिमेनेस अशा दोन्ही पिंपांतल्या आवृत्त्या निघाल्या आहेत.

आता वयाकडे येऊ. पिंपातून दरवर्षी थोडी व्हिस्की उडून जाते. या घटीला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. स्कॉटलंडमध्ये हा वाटा सुमारे 2 टक्के, गोव्यात सुमारे 8 टक्के. हा दर कायम धरला तर 500 लिटरच्या पिंपात 25 वर्षांनी स्कॉटलंडमध्ये 300 लिटर उरेल, गोव्यात जेमतेम 62. हवा दमट असली की मद्यार्क जास्त उडतो आणि तीव्रता उतरते. कोरडी असली की पाणी जास्त उडतं आणि तीव्रता चढते. त्यातच उष्णतेनं द्रव लाकडात खोल शिरतो आणि रात्री आकसून बाहेर येतो. त्यामुळे ओकचा अर्क आपल्याकडे फार वेगानं उतरतो. 25 वर्षं ठेवलं तर फळ, मध, माल्ट सगळं लाकडाखाली गाडलं जाईल आणि तुरटपणा तेवढा उरेल. आपल्या हवेत सात-आठ वर्षांची माल्ट म्हणजे दीर्घकाळ मुरलेली माल्ट. अमृतने 2013 मध्ये आठ वर्षांची ‘ग्रीडी एंजल्स’ काढली, तेव्हा ती भारतीय माल्टमधली वयस्कर बाटली ठरली.

चाखताना घाई नको. तोंडाशी निमुळता होणारा ग्लास घ्या, त्यात 20 मिलिलिटर पुरे, बर्फ नको. दहा मिनिटं तसाच राहू द्या. नाक आत खुपसू नका. कडेशी धरून, तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या. शेरीतल्या माल्टमध्ये काळे मनुके, खारीक, अंजीर, गूळ, जायफळ, लवंग, संत्र्याची साल सापडते. विझलेल्या काडीचा वास आला तर तो गंधकाचा. पिंपं बिघडू नयेत म्हणून त्यांत गंधक जाळतात, त्याची ती खूण. छोटा घोट जिभेवर फिरवा, मग काही थेंब पाणी घाला. 2017 मध्ये स्वीडनच्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी संगणकावर दाखवलं, की पाण्यानं मद्यार्काची तीव्रता उतरली की चवीचे काही रेणू पृष्ठभागाकडे सरकतात. शेवटी घोट गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते पाहा. लाकूड, फळ आणि धान्य ही तिन्ही अखेरपर्यंत वेगवेगळी ओळखू आली, तर ती माल्ट नीट मुरली आहे. फक्त गोडवा आणि तुरटपणा उरला, तर पिंपानं ती गिळली आहे.

दारूनं उद्ध्वस्त झालेली घरं आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक गावानं पाहिली आहेत. दारूबंदीसाठी बाटली आडवी करायला मतदान करणाऱ्या बायांचा राग खरा आहे, आणि या लेखात त्याला उत्तर नाही. जो पीत नाही त्यानं या माहितीसाठी पिणं सुरू करू नये. जो पितो त्याच्यासाठी मात्र पारख हाच संयमाचा चांगला रस्ता आहे. वीस मिलिलिटरसाठी अर्धा तास देणारा माणूस बाटली रिकामी करायला बसत नाही. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची 25 वर्षं पूर्ण असावी लागतात आणि परवानाही लागतो, तेवढं पाळावं.

बाटली हाती आली की तीन गोष्टी वाचा: पिंप कोणतं, मुरली कुठे, तीव्रता किती. वयाचा आकडा त्यानंतर. स्कॉटलंडच्या 25 शी गोव्याच्या 7 ची तुलना करून आपल्या माल्टला कोवळी म्हणणं हा अन्याय आहे. निवाडा नाकानं आणि जिभेनं करावा.